पाहुण्यांच्या हाती कोयता

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत एखाद्या पाड्यावर मुक्काम करून आदिवासी कारागिरी शिकण्याची सोय आता झाली आहे. पाहुण्यांना निघण्याआधीच मोबाइलवर वेळापत्रक मिळते. नाश्त्यानंतर वारली चित्र, जेवणानंतर बांबूकाम, दिवेलागणीला तारपा. दुपारची झोप वेळापत्रकात नसते. तरीही मुक्कामातली तेवढी एकच गोष्ट पाहुणे कोणी न शिकवता उत्तम करतात.

हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा तो तिकडे गेला. त्याच्याही आधी, १९४८ पर्यंत, जव्हारला मुकणे घराण्याचे संस्थान होते. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी यांची. पिके भात, नागली, वरई, उडीद. भात कापून झोडून झाले की गावातली कितीतरी धडधाकट माणसे वीटभट्ट्यांवर नाहीतर बागायतीत मजुरीला उतरतात. पाहुण्यांना कारागिरी दाखवायला मागे उरतात ती बहुधा म्हातारी माणसे, आणि ज्यांना पाहुण्यांकडून भट्टीवरच्या मजुरीइतके सुटते असे थोडे तरुण. पाहुण्यांना मात्र गाव निवांत वाटते आणि तसे ते तिथल्या तिथे बोलूनही दाखवतात.

येथे विचारात घेतलेले कुटुंब ठाण्याचे आहे. भिवंडी, वाडा, विक्रमगड असा रस्ता धरून ते जेवणाच्या वेळेला पाड्यावर पोहोचले. वडील सॉफ्टवेअर कंपनीत असल्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्टीची प्रोसेस समजून घ्यावी लागते. आई बाल्कनीत कढीपत्ता लावते, आणि त्या जोरावर मातीशी आपला संबंध अजून टिकून आहे असे मानते. नववीतल्या मुलीला एलिमेंटरी ड्रॉइंगच्या परीक्षेत ए श्रेणी मिळालेली आहे. तिसरीतला मुलगा कशातच तज्ज्ञ नाही. पुढे त्याला बरेच काही जमले त्याचे कारण हेच असावे. वडिलांच्या आईला घरी एकटे ठेवायला नको म्हणून बरोबर घेतले होते.

हाताच्या कुठल्याही कामात खरा वेळ जातो तो सामान तयार करण्यात. माती मळावी लागते, बांबू योग्य वेळी तोडावा लागतो, तांदूळ भिजवावा लागतो. शिकायला आलेल्या पाहुण्याच्या वाट्याला हे काहीच येत नाही. त्याला गेरू दिलेले कापड किंवा पुठ्ठा, कालवलेला पांढरा रंग आणि सोलून ठेवलेल्या चोया मिळतात. तो शेवटचा हात फिरवतो आणि फोटो काढतो. दोन्ही पक्षांना हे सोयीचे असते. ठाण्याच्या वडिलांनी पहिल्याच संध्याकाळी ही सोय मोडली. आम्हाला तयार काही नको, सगळे सुरुवातीपासून करायचे आहे, असे त्यांनी यजमानांना बजावले आणि सोबत आणलेली वही उघडली. यजमान "बरं" म्हणाले. सकाळी अंगणात शेणाची पाटी येऊन पडली.

कारण सुरुवात भिंतीपासून होते. या भागातले जुन्या पद्धतीचे घर कुडाचे असते. कूड म्हणजे कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या जवळजवळ उभ्या करून, आडव्या काठ्यांना बांधून केलेली भिंत. कारवी हे सह्याद्रीतले झुडूप सात-आठ वर्षांतून एकदा डोंगरभर निळेजांभळे फुलते, बी धरते आणि वाळून जाते. वर्तमानपत्रांना ती फुलल्यावर आठवते. घर बांधणाऱ्यांना ती एरवी लागते, कारण तिच्या काठ्या सरळ, हलक्या आणि बोटाएवढ्या जाड मिळतात. काठ्यांवर माती, शेण आणि भाताचे तूस किंवा चिरलेला पेंढा कालवून थापले की भिंत बंद होते. पावसाने ती दरवर्षी खरवडून निघते आणि दरवर्षी पुन्हा लिंपावी लागते. सिमेंटच्या भिंतीला असले काही करावे लागत नाही हे खरे. पण उन्हाळ्यात सिमेंटच्या घरातली माणसे झोपायला कुडाच्या घराच्या ओट्यावर येतात, हेही पाड्यावर दिसते.

शेणात हात घालण्याच्या प्रश्नावर कुटुंबात मतभेद झाले. मुलीने नाक धरले. मुलाने कोपरापर्यंत हात घातले. वडिलांनी शेण आणि माती यांचे प्रमाण विचारले. घरच्या बाईने ओंजळीने दाखवले. वडिलांनी वहीत "२ : ३ (अंदाजे)" लिहिले, आणि मग तिने ओल बघून आणखी दोन मुठी माती टाकल्यावर ते खोडले. आईने मात्र भिंत इतरांवर सोपवून आतली जमीन सारवायला घेतली. लहानपणी आजोळी आपण सारवत असू, असे तिने सांगितले होते. ते खरेही असेल. पण सारवण पलीकडच्या भिंतीपाशी सुरू करून मागे सरकत दाराशी संपवायचे असते, एवढा एक भाग मधल्या वर्षांत निसटला होता. आईने दारापासून सुरुवात केली. हात वळणदार पडत होता, अर्धगोल एकावर एक सुबक बसत होते, दारातून पाहणाऱ्या घरच्या बाईने कौतुकाने मानही हलवली. काम संपले तेव्हा आई आतल्या कोपऱ्यात उभी होती आणि तिच्या व दाराच्या मध्ये ओली जमीन पसरली होती. सारवलेली जमीन वाळायला किती वेळ लागतो हा वडिलांनी वहीत लिहिलेला एकमेव नेमका आकडा असता, पण त्या वेळी ते हसत असल्यामुळे मोजायचे राहिले. आतला कूड छपरापर्यंत गेलेला नसतो. त्यावरून आईला चहा देण्यात आला.

भिंत वाळल्यावर तिच्यावर गेरूचा हात फिरतो आणि मगच चित्राची वेळ येते. वारली चित्र हे मुळात भिंत सजवण्यासाठी नव्हते. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढत. मधल्या चौकोनात पालघट देवी, शेजारच्या लहान चौकटीत घोड्यावरचा पंचशिऱ्या देव, भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे आणि कामात गढलेली माणसे. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. लग्न झाले की चित्राचे काम संपले. ते जपून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, पुढच्या पावसाळ्यानंतर भिंत लिंपली की तेही गेले.

या चित्राला भिंतीवरून कागदावर आणणारे दोघे जण. चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना पुपुल जयकर यांनी दुष्काळाच्या काळात मिथिलेत पाठवले होते. तिथल्या बायकांच्या भिंतीवरची चित्रे त्यांनी कागदावर उतरवून घेतली आणि त्या बायकांना मिळकतीचे साधन मिळाले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ते वारली पाड्यांवर आले. इथे त्यांना डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भेटले, जे चौकाच्या निमित्ताची वाट न पाहता रोज चित्र काढत. बायकांच्या हातातली विधीची गोष्ट पुरुषाच्या हातात येऊन चित्रकला झाली ती इथून. म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या मानांकनाचा दिवाळीच्या पणत्या, कॉलेजच्या भिंती, उशांचे अभ्रे आणि हॉटेलांच्या स्वच्छतागृहांची दारे यांच्यावर फारसा परिणाम झालेला दिसत नाही.

साहित्य साधे असते आणि वेळ खाते. तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर गंधासारखा वाटायचा. कागदावर किंवा कापडावर काढायचे तर त्यात डिंक घालावा लागतो, नाहीतर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. आता बरेच जण सरळ दुकानातला पांढरा रंग वापरतात आणि त्यात काही लपवण्यासारखे मानत नाहीत. कुंचला म्हणजे बांबूची बारीक काडी, जिचे टोक दातांनी चावून तंतू मोकळे करायचे. मुलीने काडी चावण्याआधी सॅनिटायझरने पुसली. काडी निर्जंतुक झाली. मुलीला पुढचा तासभर कसलीच चव लागली नाही.

महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाला वारली चित्र येते, निदान येते असे वाटते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड, वर गोल डोके, रेघांचे हातपाय. मुलीने झरझर एक रांग काढली : आठ-दहा माणसे, सगळ्यांचे हात वर, त्रिकोण पट्टीने आखल्यासारखे. घरची म्हातारी बराच वेळ बघत राहिली आणि मग तिने विचारले, ही माणसे करतात काय? मुलगी म्हणाली, नाचतात. मग तारपावाला कुठे? मुलीने तारपावाला काढला. म्हातारीने आता विचारले की एवढी माणसे इथे नाचतात तर यांचे भात कोण राखते. मुलीने एक खोपी काढली. राखणदार आला, राखणदारासाठी विस्तव आला, विस्तवासाठी मोळी घेऊन येणारी बाई आली, तिच्या वाटेवर ओढा आला, ओढ्यात खेकडा आला. म्हातारीने स्वतः काडी हातात घेऊन खेकडा पकडणारा पोरगा काढला आणि तो जरा वाकडा काढला, म्हणजे तो वाकलेला दिसू लागला. मुलीचे सगळे त्रिकोण एका मापाचे असल्यामुळे तिची माणसे ताठ उभी होती. धडाचे दोन त्रिकोण एका बिंदूवर तोलतात, त्यामुळे ते थोडे कलले तरी माणूस चालू लागतो, ही गोष्ट एलिमेंटरीच्या अभ्यासक्रमात नाही. एवढ्या तीन तासांत भिंतीचा हातभर भाग भरला. बाकीची भिंत पुढच्या पाहुण्यांसाठी राहिली.

बांबूकामाला वडिलांनी विशेष तयारी केली होती. त्यांनी टेप आणला होता. बांबू हे गवत आहे ही माहिती वनस्पतिशास्त्राला फार पूर्वीपासून होती. १९२७च्या भारतीय वन अधिनियमात मात्र तो झाडांत मोजला होता आणि त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेणाऱ्यालाही परवान्याची विवंचना असे. २०१७ साली केंद्र सरकारने जंगलाबाहेरच्या बांबूपुरती ही चूक दुरुस्त केली आणि गवताला गवत होण्यासाठी नव्वद वर्षे लागली. बुरुडकाम करणारे बांबू तोडतात तो पावसाळा संपल्यावर, पोसवलेला, कोवळा नव्हे. कोवळ्यात आणि अवेळी तोडलेल्या बांबूत पिठूळपणा जास्त असतो, आणि त्यावरच भुंग्याची अळी जगते. सुपाखाली एक दिवस पिवळट भुकटी पडू लागते ती तिचीच. तोडलेला बांबू पाण्यात बुडवून ठेवला तर हा पिठूळपणा पुष्कळसा निघून जातो. काही जण अंधाऱ्या पंधरवड्यातच बांबू तोडतात. वडिलांनी त्यामागचे शास्त्र विचारले. यजमानांनी सांगितले की बाप तसे करायचा. हेही वहीत लिहिले गेले.

बांबू उभा चिरणे हे पाहायला फार सोपे आहे. कोयता एका तोंडाशी टेकवायचा, दगडाने ठोकायचा, चीर पडली की पुढे तो आपोआप फाटत जातो. आपोआप या शब्दावर वडिलांचा विश्वास बसला. चीर मध्यावरून ढळू लागते तेव्हा जी बाजू जाड राहिली असेल ती वाकवून ओढायची, म्हणजे चीर तिच्याकडे वळते आणि पुन्हा मध्यावर येते. विचारी माणूस नेमके उलट करतो. त्याला बारीक बाजू वाचवावीशी वाटते आणि तो तिलाच हात घालतो. वडिलांच्या पहिल्या बांबूची एक बाजू कुंपणाला उपयोगी पडली आणि दुसरी दात कोरायला. दुसऱ्या बांबूच्या वेळी कोयता दगडावरून निसटून अंगठ्याला चाटून गेला. आईने प्रथमोपचाराची पेटी काढेपर्यंत यजमानांच्या पोराने कुठलासा पाला चुरगळून अंगठ्यावर दाबला होता. वडिलांनी पाल्याचे नाव विचारले, पण वही डाव्या हाताने लिहिता आली नाही.

चिरलेल्या कामट्यांच्या चोया काढायच्या असतात. बाहेरच्या हिरव्या सालीकडची चोय चिवट आणि लवचीक, आतल्या गाभ्याकडची ठिसूळ. टोपलीचे बूड, सुपाची कड, जिथे भार येतो तिथे सालीकडचीच लागते. पाड्यावर या चोयांतून टोपल्या, सुपे, परड्या, धान्याच्या कणग्या, कोंबड्या झाकायची डाली आणि ओढ्यात लावायचे मासे अडकवणारे सापळे होतात. सापळ्याचे तोंड आतल्या बाजूला निमुळते विणलेले असते. मासा शिरतो, पण टोकदार चोया उलट दिशेला रोखलेल्या असल्यामुळे बाहेर पडत नाही. मुलाला हे ताबडतोब समजले आणि त्याने दुपारभर त्यात हात घालून काढून पाहिला. एकदा तो निघाला नाही. त्यामुळे सापळा चांगला झाल्याचे यजमानांच्या लक्षात आले.

तारपा हा वाळवून पोकळ केलेल्या दुधी भोपळ्याचा करतात. त्याला जिभाळ्या बसवलेल्या दोन बांबूच्या नळ्या, नळ्यांच्या टोकाला ताडाच्या पानांचा मोठा कर्णा, आणि सांधे मेणाने बुजवलेले. वाजवणाऱ्याने सूर तुटू द्यायचा नसतो. गालांत हवा राखून तो नाकाने श्वास घेत राहतो, आणि असे तासन्‌तास. नवे भात तयार होण्याच्या सुमाराला तारपा घुमू लागे, तो दिवाळीपर्यंत. आता पाहुणे येतील तेव्हा हंगाम असतो. वडिलांनी हे श्वासाचे तंत्र व्हिडिओवर पाहून ठेवले होते. त्यांनी ते आधी सगळ्यांना समजावून सांगितले आणि मग फुंकले. समजावणे जास्त ऐकू आले. मुलाने काहीच न समजता फुंकले आणि त्यातून असा आवाज निघाला की दोन कुत्री उठून उभी राहिली आणि शेजारच्या घरातून कोणीतरी काय झाले म्हणून विचारायला आले.

नाचात एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. तारपावाला मध्ये असतो. त्याने चाल बदलली की रांगेच्या टोकाचा माणूस वळतो आणि रांग उलट दिशेने फिरू लागते. तारप्याकडे पाठ करायची नसते. कुटुंबाला रांगेच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी जाणती माणसे घालून, उभे करण्यात आले. ही व्यवस्था अनुभवाने आलेली असावी, कारण वडील दोनदा चुकीच्या बाजूला वळले तरी रांग त्यांना उचलून बरोबर दिशेला घेऊन गेली. आजींना गुडघ्यांमुळे खाटेवर बसवले होते. त्या बसल्या बसल्या पायाने ठेका धरत होत्या, आणि ठेका बदलण्याच्या जरा आधीच त्यांचा पाय थांबत असे.

बोहाड्याच्या मुखवट्यांचा विषय वेळापत्रकात नव्हता. तो एका घराच्या माळ्यावर दिसला. बोहाडा उन्हाळ्यात होतो. रात्रभर संबळ आणि पिपाणीच्या तालावर गणपती, नरसिंह, रावण, वेताळ अशी सोंगे एकामागून एक नाचत येतात. मुखवटे हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, आणि कोणते सोंग कोणत्या घराने आणायचे हे पिढ्यांपासून ठरलेले असते. वडिलांनी रावण लावून एक सेल्फी घेण्याची परवानगी मागितली. घरधन्याने सांगितले की पूजा झाल्याशिवाय, वाद्य वाजल्याशिवाय सोंग लावत नाहीत. आणि रावण या घराचा नाही, इथे ठेवायला दिला आहे. विकायचे मुखवटे वेगळे करतात, ते खाली होते. त्यांतला रावण वडिलांना बरोबर बसला. आईने त्यावर काही बोलायचे टाळले.

खरेदीच्या वेळी कुटुंबाचे खरे स्वरूप उघड होते. मॉलमध्ये छापील किमतीपुढे मान तुकवणारा माणूस विणायला पूर्ण दिवस लागलेल्या टोपलीपुढे उकिडवा बसून पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. वडिलांनी तशी सुरुवात केली, पण चोया काढून आंबलेला त्यांचा अंगठा मध्येच टोपलीला लागला आणि त्यांनी सांगितलेले पैसे दिले. घासाघीस आजींनी केली, आणि ती किमतीवर नव्हे. त्यांनी चार सुपे उचलून पाठीवर टिचक्या मारल्या, उन्हाकडे धरली, दोन बाजूला ठेवली आणि तिसऱ्यात मूठभर भात मागून घेतले. मग त्यांनी ते पाखडले. फोलपाटे पुढच्या कडेवरून उडाली, दाणे मागे राहिले, खडे एका कोपऱ्यात जमले. घरची बाई आपले काम सोडून बघायला आली. पुढचा अर्धा तास त्या दोघी सुपाच्या कडेविषयी बोलत होत्या. पाड्यावरच्या सबंध मुक्कामात कोणी आजींना काही शिकवले नाही.

सुपाची किंवा टोपलीची वीण कितीही दाट असली तरी तिच्यातून पीठ आणि बारीक दाणा गळतो. म्हणून वापरण्याआधी ती लिंपावी लागते. पाड्यावर शेणाने लिंपतात. शहरात आजींच्या पिढीला दुसरी रीत ठाऊक आहे. रद्दी कागद दोन दिवस भिजवायचा, भिजलेल्या मेथ्या त्यात वाटायच्या आणि तो चिकट लगदा आतून-बाहेरून बोटांनी दाबत न्यायचा. मेथीमुळे लगदा धरून राहतो आणि कडवटपणामुळे कीड लागत नाही. ठाण्याला परतल्यावर आजींनी बाल्कनीत, कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी, हे काम काढले. वर्तमानपत्र थोडे कमी पडले. टेबलावर एक वही होती, तिची बरीचशी पाने अक्षर न लागण्याइतकी वाकडी लिहिलेली, काही खोडलेली. त्यांनी ती घेतली. वडिलांना हे कळले तेव्हा लगदा झाला होता. खालच्या मजल्यावरून मेथीच्या वासाबद्दल विचारणा झाली. पहिला थर उन्हात खडखडीत वाळल्यावर दुसरा द्यायचा असतो. तसे दोन थर दिल्यावर टोपलीतून नाचणीचे पीठसुद्धा गळत नाही.